मास्तरांना दिलेली खुर्ची

मुंबई, ४ मार्च १९७३

ती. अक्का हिस,
गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या गूळपोळ्या पोचल्या. दाजींचा खोकला आता कसा आहे?

मी हल्ली कॉम्प्युटरच्या खोलीत असतो. एकाच यंत्रावर चाळीस शास्त्रज्ञ काम करतात. प्रत्येकाचं नाव आणि गुप्त शब्द मी यंत्रात घालतो, म्हणजे ज्याला त्याला आपलंच काम उघडता येतं. सगळ्यांचं काम उघडणारं आणि पुसणारं मुख्य नाव मात्र एकच. ते मी आणि माझा जोडीदार श्रीमंत, असे दोघंच वापरतो. श्रीमंत पाथर्डीकडचा. त्याचे आईवडील दरसाल तुमच्याकडे ऊसतोडीला येतात.

परवा गाडेकर मास्तर आमचं यंत्र बघायला आले. पाहुण्यांसाठी यंत्रात वेगळं नाव आहे, पण त्यावर फारसं काही बघता येत नाही. ज्यांनी मला पाढे शिकवले, त्यांना पाहुण्याच्या नावावर कसं बसवायचं? मी त्यांना माझ्या खुर्चीत, मुख्य नावावर बसवलं आणि चहा आणायला गेलो. जाताना त्यांनी माझी पाठ थोपटली.

माया आहेच, तशीच राहू दे.

तुझा गहिनीनाथ


राहाता, १४ मार्च १९७३

चि. गहिनीनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

खोकला बरा हाय, पन बिडी सुटत न्हाई.

मास्तर गावात आल्यापास्नं गिरनीत, देवळात एकच सांगत्यात, गहिनीनं मला सवताच्या खुर्चीत बसवलं म्हनून. मी दळन घेऊन उगंच उभी ऱ्हाते, आनखी ऐकाया मिळावं म्हनून. त्यांच्या छडीला भिऊन तू उसात लपायचास, ते मी कुनाला बोलले न्हाई. घोर करू नको.

जेवत जा वेळेवर. अक्काची आठवन ठेव.

राहीबाई


मुंबई, २२ मार्च १९७३

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींनाही दाखवू नकोस.

मी चहा आणायला गेलो तेवढ्यात मास्तरांनी बटणं दाबून पाहिली. पुसू का, असं यंत्रानं इंग्रजीत विचारलं आणि मास्तरांनी हो दिलं. विहिरींच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका बाईंचे आठ महिन्यांचे आकडे गेले. यंत्र सगळं कागदावर छापतं. मास्तर गेल्यावर मी कागद वाचला आणि फाडून खिशात घातला. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो माझ्या खिशातच होता.

आता चौकशी लागली आहे. यंत्राच्या नोंदीत फक्त मुख्य नाव दिसतं, माणूस दिसत नाही. त्या दुपारी पाळी श्रीमंतची होती, तो जेवायला गेला म्हणून मी बसलो होतो. साहेबांनी त्याला घरी बसवलं आहे, महिनाअखेर काढून टाकणार म्हणतात. त्यानं मला विचारलं, तू काही पाहिलंस का. मी नाही म्हणालो. अक्का, मला माझीच लाज वाटते.

कागद टाकवत नाही, जवळ ठेववत नाही. सोबत घातला आहे. मास्तरांना गप्प राहायला सांग.

गहिनीनाथ


राहाता, २७ मार्च १९७३

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

मास्तरांकडं मी जानार न्हाई. त्यांना त्यातलं काय ठावं? खुर्ची तू दिलीस. मान द्यायचा तर आपल्या पदरचा द्यावा, चाळीस जनांच्या कामावर बसवून देऊ न्हाई.

काल मी ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांकडं गेल्ते. श्रीमंतची आय बायडाबाई गावली. पोराला घरी बसवलंय हे तिला अजून ठावं न्हाई. माझा पोरगा तुमच्या भावाच्या जोडीला हाय म्हनून तिनं मला पोत्यावर बसवलं, कोरा चहा दिला. तू तिकडं न्हाई म्हनलास, मी हितं गप ऱ्हायले. दोघं बी सारखेच.

कागद परत पाठवते. तुझी मान खाली गेली तर माझी बी जाईल. जाऊ दे.

राहीबाई


मुंबई, ८ एप्रिल १९७३

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

कागद पोचला त्याच दिवशी साहेबांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ज्यांचे आकडे गेले त्या बाई तिथेच होत्या. त्या कागद घेऊन तशाच बाहेर गेल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

श्रीमंत परत कामावर आला. मुख्य नाव आता त्याच्या एकट्याकडे आहे. मला ठेवलं, पण आकडे भरायच्या कामावर. त्यासाठी यंत्रात माझं साधं नाव घालायचं होतं, ते श्रीमंतनंच घातलं. दोन वर्षं एका ताटात जेवलोय, तरी त्यानं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, त्यानं टाइप केलं. मग गुप्त शब्द घाल म्हणाला आणि उठून मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. माझा शब्द पुरा होईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला किती तरी वेळ एक अक्षर दाबता आलं नाही. तो तसाच उभा राहिला.

बायडाबाई अजून तिथे असतील तर त्यांना घरी बोलावून जेवायला घाल. का, ते त्यांना सांग.

तुझा
गहिनीनाथ