धुतलं की जातं

३ मार्च
अखेर मोठं काम. हिरोच्या पोटात सुरा, अंगात पांढराशुभ्र शर्ट, रक्त माझं. म्हणजे मी बनवलेलं. बायकोच्या शब्दावर मिळालं, असं लोक म्हणतील. ती त्या सेटवर कपडे सांभाळते, एवढाच काय तो संबंध. शर्ट तीनच, रिटेक झाला की धुऊन वापरायचे. दिग्दर्शकांनी विचारलं, डाग जाईल ना? म्हटलं, धुतलं की जातं.

४ मार्च
साखरेचा पाक आणि खायचा रंग. नेहमीचंच. दिसतं सरबतासारखं. जरा कपडे रंगवायचा रंग घातला. जरा म्हणजे डबी. काय दाट लाल आला! बायको म्हणाली, आधी चिंधीवर टाकून धुऊन बघा. उद्या बघतो म्हटलं.

५ मार्च
चिंधी राहिली. दुपारी थोडा पडलो होतो.

६ मार्च, सकाळ
आज सगळे बघत राहणार.

६ मार्च, संध्याकाळ
बघत राहिले. पहिल्या टेकला पंप जोरात दाबला गेला, कॅमेरामनचा चष्मा लाल. दुसऱ्याला नळी सरकली. सुरा पोटात, रक्त बाहीतून. तिसरा टेक झकास, पण हिरोला शिंक आली. तिन्ही शर्ट धुतले, तिन्ही गुलाबी. बायकोने साबण, सोडा, लिंबू सगळं घासून पाहिलं. शूटिंग बंद. दिग्दर्शक तिला म्हणाले, हे असं कसं झालं? तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कापड हलकं असेल.
का म्हटलं कोण जाणे. निघून गेलं तोंडातून.

७ मार्च
दिग्दर्शकांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरात ती नेहमीसारखी वागते. भाजीत मीठसुद्धा बरोबर. त्याचाच त्रास होतो. मेहुणी आली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं भिंतीकडे बघून म्हणाली. मी पेपरात डोकं घातलं. उद्या जाऊन खरं सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

८ मार्च
पोट बिघडलं.

९ मार्च
गेटपर्यंत गेलो. वॉचमनने कोणाकडे काम आहे विचारलं. पत्ता चुकला म्हटलं.
हात अजून मनगटापर्यंत लाल. तिच्यासमोर जेवायला लाज वाटते. नुसती हातांची नाही.

११ मार्च
गेलो. सांगितलं. कापड चांगलं होतं, रंग माझा होता, चिंधीवर बघितलाही नव्हता. दिग्दर्शक म्हणाले, ठाऊक आहे, बादलीतलं पाणी सगळ्या युनिटने पाहिलंय. मग तिला का काढलं, विचारलं. ते म्हणाले, मी बाईंना म्हटलं होतं, नवऱ्याची चूक म्हणा आणि राहा. त्या म्हणाल्या, नाही, कापडच हलकं होतं.
मला खुर्ची दिली तर बसवेना.
तिला उद्यापासून बोलावलंय. खून आता गळा दाबून होणार आहे. रक्त लागणार नाही.

१२ मार्च
सकाळी तिच्याशी खूप बोलायचं ठरवलं होतं. चहा केला, तोही उतू गेला. चप्पल घालताना तिने विचारलं, तिकडे कोणी विचारलं, मिस्टर आता काय करतात, तर काय सांगू? म्हटलं, घरी असतात म्हण. ती बरं म्हणाली आणि कामाला गेली.