माझ्या पश्चात माझा तास कोणी घ्यावा

मी, विजयालक्ष्मी भालचंद्र पोतनीस, वय सहासष्ट, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका ('निवृत्त' कशी झाले याचा खुलासा कलम चारमध्ये), राहणार सेक्टर पंधरा, फरीदाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीभही ठिकाणावर आहे; तिला दाखला लागत नाही, असे वकील म्हणाले.

कलम एक. माझा राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझा एकुलता मुलगा सुधन्वा यास मिळावी. तो गुडगावला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. तिथून अरवलीचे डोंगर दिसतात आणि खालचा भाजीवाला दिसत नाही. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी जेवणघरात लावलेला फळा त्याला काढून टाकायचा असेल तर खुशाल काढावा. मी काही त्या भिंतीत राहणार नाही.

कलम दोन. माझ्या सासूबाई कै. कृष्णाबाई यांच्या पाटल्या सून रुचिता हिला द्याव्यात. सासूबाई फरीदाबादला आमच्याजवळ एकवीस वर्षे राहिल्या, पण हिंदी शिकल्या नाहीत. शेवटी दूधवाला मराठी शिकला. त्यांच्या या बाण्याने माझ्या आयुष्यात काय घडवले ते पुढे येईलच.

कलम तीन. प्रशिक्षणात मिळालेल्या वस्तूंबाबत. मी गुडगावच्या ज्या खासगी विद्यापीठात शिकवत होते, त्याचे नाव वकिलांच्या सल्ल्याने लिहीत नाही. सन २००५ मध्ये तिथे एक परिपत्रक निघाले: 'सभी अध्यापक ऑनलाइन शिक्षा के लिए पूरी चेष्टा करें.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला ठाऊक होते. तरी मी ते परिपत्रक मराठीतच वाचले आणि दोन्ही गोष्टी मनापासून केल्या. शिक्षा भोगली आणि चेष्टा केली.

प्रशिक्षण एका हॉटेलात होते. प्रशिक्षक सव्वीस वर्षांचा, जन्मात वर्गावर न गेलेला. आजपासून तुम्ही शिक्षक नाही, फॅसिलिटेटर आहात, असे त्याने आल्याआल्या जाहीर केले. मग आम्हा पन्नाशी-साठीच्या माणसांना गोल उभे करून एकमेकांकडे चेंडू फेकायला लावले. चेंडू झेलणाऱ्याने आपले आवडते फळ सांगायचे. संस्कृतचे डॉ. नरसिंह हिरेमठ यांनी 'मोक्ष' असे सांगितले; त्यांना समज मिळाली. दुपारी सर्वांना पासवर्ड वाटले आणि कोणी विसरू नये म्हणून ते फळ्यावर लिहून ठेवले. संध्याकाळी वीज गेली, तेव्हा प्रशिक्षकाने विचारले की आता काय करू या. आम्ही त्याला बसवून तासभर शिकवले. बिचारा लक्ष देऊन ऐकत होता.

तिथे मिळालेली 'तंत्रस्नेही अध्यापक' असे छापलेली पिशवी कांदेबटाट्यांना उत्तम आहे, ती रुचिताने घ्यावी. प्रमाणपत्र विद्यमान कुलगुरूंना पाठवावे. त्यांच्याकडे नसावे अशी शंका आहे.

कलम चार. माझ्या व्याख्यानांबाबत. हीच माझी खरी मिळकत, म्हणून वाचणाऱ्याने चष्मा लावावा.

प्रशिक्षणानंतर एका बिनखिडकीच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवून माझी उदारीकरणावरची सगळी व्याख्याने भरून घेतली. केवळ चाचणी, असे सांगितले होते. नंतर एक कागद पुढे आला. त्यात ती व्याख्याने कायमची विद्यापीठाची झाली, असे माझ्या तोंडून लिहिले होते. मी सही नाकारली. कुलगुरूंशी खडाजंगी झाली. दुसऱ्या दिवशी कुलसचिवांनी घरी फोन केला आणि तो सासूबाईंनी घेतला. कुलसचिव म्हणाले, "मॅडम से कहिए, राज़ीनामा भिजवा दें, बात खत्म."

हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझोता. तो कागद सही करून पाठवा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. सासूबाईंनी ऐकले ते मराठी. मी घरात पाऊल ठेवले, तशा त्या म्हणाल्या, "विजया, तुझा राजीनामा मागताहेत. देऊन टाक. आपण कुणाच्या दारात ताटकळत उभं राहायचं नाही."

मी चहा व्हायच्या आत राजीनामा लिहिला. तो त्याच दिवशी मंजूर झाला. त्या विद्यापीठात इतके वेगाने दुसरे काही झालेले मला आठवत नाही. निरोप समारंभात कुलसचिवांनी बुचकळ्यात पडून विचारले की मॅडम, आम्ही तर समझोता मागितला होता, तेव्हा मला उलगडा झाला. घरी मी अवाक्षर काढले नाही. सून बाणेदार निघाली या समाधानात सासूबाई गेल्या, आणि ते समाधान त्यांचेच राहू द्यावे.

परिणाम असा: नोकरी गेली, पण तो कागदही बिनसहीचाच राहिला. लेखी संमतीशिवाय व्याख्याने वापरू नयेत, असा विद्यापीठाचाच नियम आहे. म्हणून ती माझी आहेत, असे वकील म्हणतात. तरीही ती आजतागायत वर्गात दाखवली जातात. त्यांत मी अजून २००४ सालाला 'पिछला साल' म्हणते आणि गुडगावला मेट्रो येणार असल्याचे सांगते. मेट्रोने आलेली मुले ते ऐकून हसतात.

कलम पाच. वरील व्याख्यानांचे सर्व हक्क मी माझी विद्यार्थिनी अर्पिता शेलार हिला देत आहे. अर्पिता दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली, सुभेदाराची मुलगी. आज ती त्याच विद्यापीठात, माझ्याच विषयाला, कंत्राटावर आहे. दिवाळीत ती घरी आली, फराळाला हात लावला नाही आणि म्हणाली, "मॅडम, शिकवता तुम्ही. मी फक्त बटन दाबते आणि अटेंडन्स घेते. जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, आणि ते म्हणतात, मॅडम तर आहेतच."

मला ते फार लागले. मी जिवंतपणी कोणाची नोकरी खाल्ली नाही, मेल्यावर खाण्याचा विचार नाही.

मी विद्यापीठाला नोटीस दिली. त्यांनी समिती नेमली. समिती बसली की नाही माहीत नाही, पण कुलसचिवांनी एका लग्नात सुधन्वाकडे माझ्या हृदयाची चौकशी केली, जेवणाआधी आणि जेवणानंतर. ते कशाची वाट पाहताहेत हे न कळायला मी काही कुलगुरू नाही. सुधन्वा म्हणाला, "आई, सोड ना यार. तू गेल्यावरही लोक तुला बघतील, अच्छाच आहे ना?" त्याला प्रेमाने कळवते की बिल्कुल अच्छा नाही. माझ्या मरणाने हा वाद मिटणार नाही, तो अर्पिताकडे जाईल आणि ती एकोणतीस वर्षांची, ठणठणीत आहे. वकिलांकडची धावपळ सुधन्वाने करावी. फ्लॅट फुकट मिळत नाही.

कलम सहा, शेवटचे. प्रत्येक व्याख्यानाच्या अखेरीस मी "कोई सवाल?" असे विचारते, थोडी थांबते आणि हसून "बहुत अच्छा सवाल" म्हणते. त्याने जिवंतपणा येतो, असे प्रशिक्षकाचे म्हणणे होते. गेल्या वर्षी सोनम नावाच्या मुलीने त्या वेळी खरोखरच हात वर केला. पडद्यावरून मी तिची वाहवा केली आणि पुढे निघून गेले. वर्ग हसला. त्यानंतर सोनमने हात वर केलेला नाही, असे अर्पिता सांगते. माझ्या साऱ्या नोकरीत मी एकाही विद्यार्थ्याशी असे वागले नव्हते.

म्हणून माझी अशी इच्छा आहे: माझ्या निधनाची बातमी आल्यावर वर्गात दोन मिनिटे शांतता पाळू नये. यंत्र बंद करून अर्पिताने सोनमला तिचा प्रश्न काय होता ते विचारावे, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, एकही शब्द कमी करावासा वाटला नाही.

ठिकाण: फरीदाबाद
दिनांक: १४ फेब्रुवारी २०११
सही: विजयालक्ष्मी भा. पोतनीस

आमच्यादेखत सही केली. साक्षीदार:
१. डॉ. नरसिंह हिरेमठ, निवृत्त प्रपाठक, संस्कृत
२. उल्हास राजाध्यक्ष, शेजारी, निवृत्त अवर सचिव