ताईचा अर्ज

३ जून
चि. छोटीस अ. उ. आ.
तुझं पत्र आई शेजारणीलाही वाचून दाखवते. ऑफिसात फुकट जेवण, पाठीला जपणाऱ्या खुर्च्या, डुलकी काढायला वेगळी खोली! मी इथे पंचावन्न पोरांना त्रैराशिक शिकवून घसा बसवते, आणि स्टाफरूममधल्या खुर्चीचा खिळा माझ्या कपड्यांवर डूख धरून आहे. खरं सांगते, जळते मी तुझ्यावर.
वर्षभर शाळा सुटल्यावर प्रोग्रामिंग शिकले. तुमच्याच कंपनीत अर्ज केलाय, परीक्षाही दिली. हसू नकोस.
तुझी ताई

१९ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
हसले नाही. पण खुर्च्यांवर भाळू नकोस. इथे सुट्टीतही फोन वाजतो. दर तीन महिन्यांनी आम्हाला नंबर देतात आणि शेवटच्या चौघांची टेबलं सोमवारी रिकामी दिसतात. गेल्या खेपेला शेवटून पाचवी मी होते. तुला पोरं रस्त्यात थांबवून बोलतात. मला शेजारच्या टेबलावरची बाई नावाने ओळखत नाही. नीट विचार कर. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
छोटी

८ जुलै
चि. छोटीस अ. उ. आ.
नकार आला. कारण दिलं नाही. आई म्हणते, छोटीला सांग, ती साहेबांशी बोलेल. दोन दिवस फळ्यावर साधी गणितं चुकतेय. बोलशील?
ताई

१५ जुलै
ती. ताईस सा. न.
साहेबांशी बोलणं आधीच झालंय. त्यांनी मला बोलावून विचारलं होतं, तुमची बहीण कशी आहे? मी म्हणाले, शिकवते छान, पण हे काम तिला झेपणार नाही.
खोटं बोलले. तुझा पेपर पाहिला होता, माझ्यापेक्षा सरस होता. शाळेत प्रत्येक वर्गात मी तुझ्या मागून गेले आणि प्रत्येक बाईंनी विचारलं, अगं, तू तिचीच बहीण ना? तुला कुणी ओळखत नाही अशी एवढी एकच जागा मला मिळाली होती.
हवं ते बोल, पण लिही.
छोटी

२ सप्टेंबर
चि. छोटीस आ.
दीड महिना लिहीत होते आणि फाडत होते. तुझं पत्र आईला दाखवलं नाही. हरवलं म्हणाले.
दुसऱ्या एका कंपनीत निवड झालीय, सोमवारी रुजू होते. त्यांनी विचारलं, या क्षेत्रात ओळखीचं कोणी? मी म्हणाले, कोणी नाही. म्हणताना फार बरं वाटलं. जिना उतरताना मात्र रडू आवरेना.
आई वाट बघतेय, येऊन जा. मी घरी असेन. बोलेनच असं नाही.
रागासकट तुझीच,
ताई