खालून काढलेली खुर्ची

१२ मे १९८७
म्हातारा आज पुन्हा पेज थुंकला — माझ्या ऑफिसच्या साडीवर! लग्नाला सहा वर्षं झाली, सासऱ्यांनी कधी धड बोलू दिलं नाही. अर्धांगाच्या झटक्यानं डावं अंग लुळं पडलं, जीभ तेवढी शाबूत.

१९ मे
डिचोलीचे डॉक्टर घरी येऊन गेले. बाप भ्रमिष्ट झालाय असा दाखला माझ्या नवऱ्याला, गुरुदासला हवाय. मग पाळी गावातली काजूबाग खाणवाल्यांना विकता येईल. मामंजी काही सही करणार नाहीत. नवऱ्याला म्हटलं, माझी हरकत नाही. पीडा टळू दे.
डॉक्टरांनी कागद दिला, म्हणाले, ‘एक कदेल काढून दाखया.’ मामंजींनी उजव्या हातानं खुर्ची काढली. मध्ये बैठकीची खालची बाजू, आडव्या पट्ट्या, चार पाय चारी दिशांना फाकलेले. पाठ नाहीच. डॉक्टर हसले. पोरंसुद्धा खुर्ची समोरून नाहीतर कोपऱ्यातून काढतात, अशी कोण काढतं! दाखला देतो म्हणाले.

२० मे
ऑफिसात शेवंती आणि हर्षाकडून खुर्ची काढून घेतली. दोघींनी कोपऱ्यातून, जरा वरून, बसायची जागा दिसेल अशी काढली. मीही तशीच. म्हातारा भ्रमिष्टच.

२९ मे
उद्या गोवा घटकराज्य होणार. ऑफिस दुपारीच सोडलं. घरी आले तर दाराला बाहेरून कडी. आत मामंजी उघड्या जमिनीवर, धोतर भिजलेलं. लोळू नयेत म्हणून घरातली जड शिसवी खुर्ची अंगावर उभी केलेली, दोन पाय इकडे, दोन तिकडे. मी शेजारी आडवी होऊन वर पाहिलं. बैठकीची खालची बाजू. पट्ट्या. चार फाकलेले पाय.
गुरुदास संध्याकाळी आला. बिछाना घाण करतात म्हणून तू गेलीस की रोज खाली ठेवतो, म्हणाला. वर मलाच विचारतो — ‘तुला तरी कुठं हवे होते ते?’


१ जून
डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. दाखला मिळणार नाही. गुरुदासनं ताट भिरकावलं.

३ जून
मामंजींना घेऊन माहेरी, कारापूरला आले. टॅक्सीत वाटभर शिव्या देत होते. मीही दिल्या. आईनं दारातच विचारलं, किती दिवस?
म्हटलं, ‘आम्ही दोघं आता हंयच राहणार.’