माझा उजेड कोणाला द्यावा याबद्दल

मी, हिरामण लडकू तरे, वय २६, नववी पास, राहणार कामतघर, भिवंडी, हा कागद कोणीही न सांगता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. उद्या सकाळी मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसून माझा दिवा बंगळूरच्या प्रयोगशाळेत दाखवायला नेणार आहे. विमान पडलेच, तर दिव्याची युक्ती माझ्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र.

१. युक्ती माझी बहीण ऋतिका हिला देतो. ओएलईडीचा चपटा दिवा उजेड भरपूर तयार करतो, पण बराचसा काचेतच अडकून कडांकडे पळतो. काचेवर मोबाईलचा डिस्प्ले चिकटवायचा पारदर्शक गोंद पसरावा, त्यावर बारीक विणीचे कापड दाबावे, गोंद घट्ट झाला की कापड सोलावे. गोंदात विणीचे उंचवटे उठतात आणि अडकलेला उजेड तिथून बाहेर पडतो. तेवढ्याच विजेत उजेड मीटरवर दीडपट भरला. सात वेळा मोजला.

कापड लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरून उतरलेले, कोरेच घ्यावे. मी स्वच्छतेसाठी धुऊन घेत होतो, ते कायमचे चिकटत होते. दापोड्याच्या गोदामातून भंगारात आणलेले तीन दिवे असे मच्छरदाणीत गेले. शेवटी लूमवर ड्युटी करणारी आई म्हणाली, "अरं, धुतोस कशाला? खळ हाय म्हणून तर सुटंल." सुटले.

२. म्हणून शोध कोणाचा असे विचारल्यास आईचे नाव, चंद्रा लडकू तरे, माझ्या आधी लिहावे.

३. भिंग व चिमटे ऋतिकालाच. चिमट्याने भुवया कोरू नयेत. नवे बूट उद्या पायात असतील, त्यामुळे कोणालाच देता येत नाहीत.

४. दीपेशशेठ, ज्यांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी आठ वर्षे आहे, वर्षभर गिऱ्हाइकांसमोर म्हणत, "हिऱ्या, उजेड अडकलाय? मग फायर ब्रिगेडला फोन लाव ना." काल मात्र म्हणाले, दिव्यावर दुकानाचे नाव टाक. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे मी ऐकले आहे. म्हणून त्यांना आग्रहाने साक्षीदार केले आहे.

(हे सह्या झाल्यावर मधल्या मोकळ्या जागेत लिहिले.) सहीच्या वेळी शेठ म्हणाले, चष्मा विसरलो, दिसत नाही. मी ट्यूबलाइट बंद करून दिवा लावला. शेठ कागद सोडून दिव्याकडेच बघत राहिले.

"आता दिसतंय का?" ऋतिकाने विचारले.

"दिसतंय गं बाई," म्हणाले, आणि सहीच्या वर एक ओळ स्वतःहून लिहिली.

कामतघर, १९ नोव्हेंबर २०२४
सही: हिरामण लडकू तरे

साक्षीदार:
१. पुतळाबाई भोईर, शेजारीण (अंगठा)
२. "ऊजेड बाहेर आलेला समक्ष पाहिला." दीपेश रामनाथ चौधरी

टीप: शेठनी 'उ' दीर्घ काढला आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.