बाजूच्या सीटवरचा लॅपटॉप

८ सप्टेंबर, सोमवार
डबी आली. कुरिअरवाल्याने विचारलं, काय आहे. म्हटलं, फ्युएल कंप्युटर, गाडीचं ट्यूनिंग करतो. तो सही घेऊन निघून गेला. भंडाऱ्यात अशा गोष्टींची कदर नाही.

योजना अशी. रंजिता मुलीच्या, रुचिकाच्या बाळंतपणाला नागपूरला गेली. नातू आता रांगतो, तरी ती तिकडेच. जाताना म्हणाली होती, या गाडीच्या झटक्यांनी माझी कंबर जाते. म्हणजे अडचण गाडीची आहे. गाडी सुधारली की बायको परत. सरळ हिशेब आहे.

९ सप्टेंबर
मॅन्युअल वाचलं. फार हुशार वस्तू. इंजिनात किती हवा आली ते सेन्सर गाडीच्या मूळ कंप्युटरला कळवतो. डबी दोघांच्या मध्ये बसते आणि हवा थोडी कमी कळवते. मूळ कंप्युटर भोळा. विश्वास ठेवतो, पेट्रोल कमी सोडतो. कोणाला पत्ता लागत नाही.

संध्याकाळी रंजिताचा फोन. जेवले काय? म्हटलं, वरण, भात, वांग्याची भाजी. चिवडा खाल्ला होता. तिकडे समाधान.

१२ सप्टेंबर
डबी बसवली. गाडी सुरू झाली. (तारा बदलल्यावर.) हेमराजला फोन केला, येऊन बघ. धाकटा भाऊ. आमचं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान आता तोच बघतो. मी निवृत्ती घ्यायची असं आमचं ठरलं. म्हणजे त्याचं ठरलं. म्हणाला, भाऊ, दसऱ्याचं गिऱ्हाईक सुरू हाये, मंग येतो. कशाचा येतो.

१४ सप्टेंबर, रविवार
ट्यूनिंगला दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचायचे. शेजारच्या वासुदेवरावांना घेतलं. हायवेवर जवाहरनगरपर्यंत पोचलो. म्हणाले, बाबूलालभाऊ, थांबवा, मले मळमळून राहिलं. उतरले आणि परत बसने आले. मी मागून हॉर्न देत होतो, बघितलं नाही.

१६ सप्टेंबर
आणखी चौघांना विचारलं. सगळ्यांना नेमकं आजच काम.
उपाय सापडला. लॅपटॉप बाजूच्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावला. थोडं जायचं, बाजूला थांबायचं, आकडे बघायचे, पेट्रोल थोडं कापायचं, पुन्हा निघायचं. त्या सीटवर फार दिवसांनी कोणीतरी टिकून बसलं.

२० सप्टेंबर
झटके गेले. खरंच गेले. मायलेजही वाढलंय. मोजलं नाही, पण जाणवतं. वळणावर म्हटलं, बघ आता कशी निघते. मग लक्षात आलं, लॅपटॉपशी बोलतोय. उद्यापासून गाडीत बोलणं बंद.

२१ सप्टेंबर
बोललो. पण कमी.

२३ सप्टेंबर
स्क्रीनवर आकड्यांचं कोष्टक आहे. वरच्या ओळी रिकाम्या गाडीच्या, खालच्या भरलेल्या गाडीच्या. वरच्या झाल्या. खालच्या भरायला गाडीत माणसं हवीत. ती आणायची कुठून?

शेवटी अंदाजाने भरल्या. भरलेली गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त कापलं. नुसता हात लावून मी कोशाच्या साडीचं वजन सांगायचो. हे त्यापुढे काय.

२८ सप्टेंबर, रविवार
रंजिताचा फोन. दसऱ्याला सगळे येताहेत. ती, रुचिका, जावई, बाळ. आणि म्हणाली, पाह्यते, राहावंसं वाटलं तर राहीन मी.
घर झाडलं. सिंकमधली भांडी घासली. संकल्प: पहिला अर्धा तास डबीबद्दल एक शब्द काढायचा नाही.

१ ऑक्टोबर
वरठी स्टेशनवर वेळेआधी हजर. संकल्प प्लॅटफॉर्मवरच मोडला. जावई हो हो म्हणत होता. लॅपटॉप डिकीत टाकला, रंजिता पुढे बसली. मागे बाकीचे, मांडीवर बॅगा.

सपाट रस्त्यावर गाडी जरा जड वाटली. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन खडखडलं, धापा टाकायला लागलं आणि मध्येच बंद पडलं. मागे ट्रक. फॅक्टरीतून सुटलेले मोटरसायकलवाले वळून वळून बघत होते. बाळ रडायला लागलं. मी डिकी उघडून, पुलावरच लॅपटॉप सुरू करून खालच्या ओळी बघत होतो. मागे वळलो तोवर सगळे ऑटोत बसले होते. रंजिता ऑटोतून म्हणाली, या मंग तुम्ही सावकाश.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. जेवण झकास झालं. जेवताना जावयाला कोष्टक समजावून सांगितलं. दोन तास. त्याला गोडी लागली आहे. डोळे मिटून ऐकत होता.

३ ऑक्टोबर
सकाळी स्वयंपाकघरात रंजिताला शब्द दिला, त्या ओळी दुरुस्त करतो, तू फक्त राहा. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, गाडीचं काही नाही जी. इतक्या महिन्यांत फोनवर तुम्ही मले एकदा तरी इचारलं काय, तू कशी हायेस म्हणून?

म्हणजे गाडीबद्दल तक्रार नाही. ही मोठी प्रगती.

दुपारच्या गाडीने चौघंही गेले. स्टेशनला ऑटोनेच.

४ ऑक्टोबर
घर खायला उठलंय. रंजिताने पोळ्या करून डब्यात ठेवल्या आहेत. खाव्याशा वाटत नाहीत. तिचं बोलणं सारखं आठवतं. फोन लावून विचारायचं, तू कशी आहेस. एवढंच तर आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. सोपं आहे. उद्या नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी गाडी काढली. जवाहरनगरपर्यंत एक झटका नाही, एक खडखड नाही. एकटा माणूस बसला की काय सुरेख चालते.

घरी येऊन फोन लावला. सांगितलं, आज गाडी एक नंबर चालली. रंजिता म्हणाली, बरं. मग ती थांबली. मीही थांबलो. तिकडे बाळ रडायला लागलं. ती म्हणाली, ठेवू काय?
म्हटलं, ठेव.