आपले दोनशे झाले

प्रिय इंजिन,

दोनशे झाले. तुझे नि माझे, एका दिवसात. उजाडायच्या आधी निघालो आणि दिवेलागणीला परत घरी. हे आधी वाच, मग बाकीचं सावकाश. मला पाल्हाळ लावायची सवय आहे. कवळीचं माप द्यायला आलेली माणसंसुद्धा कुरकुरतात, की आमचं तोंड लगद्याने भरून ठेवायचं आणि मग एकट्यानेच बोलत सुटायचं, हा कुठला न्याय?

मी खोटे दात बनवतो आणि तू लिफ्ट दुरुस्त करायचास. माझ्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आपली गाठ पडली. मी आत घामाघूम, तू बाहेर निवांत. खाली लावलेली निळी सायकल कुणाची, हे तू आधी विचारलंस. माझी म्हटल्यावर तिच्या चेनला तेल नाही म्हणून मला झापलंस, आणि मग कुठे बाहेर काढलंस. त्या दिवसापासून मी कवळ्या आणि तू इंजिन. इंजिन, कारण तू कायम पुढे. सगळा वारा तू छातीवर घ्यायचास आणि मी तुझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, तुझ्या आडोशाने आरामात. फुकट्या म्हणायचास मला. होतोच मी. इतकी वर्षं सायकल चालवली, पण समोर रस्ता कमी आणि तुझी पाठच जास्त बघितली.

एका दिवसात दोनशे किलोमीटरचं खूळ तुझंच. शंभर झाले, दीडशे झाले, की तू लगेच पुढचं बोलायला लागायचास. पहिल्यांदा निघालो तेव्हा समोरून असा वारा सुटला की चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. दुसऱ्यांदा माझ्या पोटाने दगा दिला. मी एका ट्रान्सफॉर्मरच्या मागे कितीदा पळालो हे तू पुढे वर्षभर चारचौघांत रंगवून सांगायचास. वहिनी कपाळाला हात लावायची. या वयात लोक गुडघे सांभाळतात आणि हे दोघे ते झिजवायला निघालेत, म्हणायची.

मग ते सुरू झालं. घाबरू नकोस, पण ऐक. एकदा तू एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत गेलास आणि खाली आलाच नाहीस. तुझ्या हाताखालची माणसं वर आली तर तू उघड्या पॅनेलसमोर स्टूल टाकून बसलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. काय झालं विचारल्यावर तू म्हणालास, मेकॅनिकची वाट बघतोय. त्यांनी मला फोन केला. मी येऊन तुला घरी आणलं.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. नवं काही टिकणार नाही आणि जुनं हळूहळू जाईल, एवढं आम्हाला कळलं. दवाखान्याचा जिना उतरताना तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, कवळ्या, दोनशे राहिलेत, आता उशीर करून चालणार नाही. मला रडू आलं, तर मलाच दटावलंस. तुझी मुलगी माझ्यावर भयंकर चिडली. बाबांना काही झालं तर काकांचं तोंड बघणार नाही, असं मला तोंडावर सांगितलं. तिचं काही चुकलं नाही. वहिनीने मात्र दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी केळी आणि भाजलेले दाणे बांधून माझ्या हातात दिले. त्यांना नजरेआड होऊ देऊ नका भाऊजी, एवढंच म्हणाली.

सुरुवातीला तूच पुढे होतास, नेहमीसारखा. पाण्याच्या टाकीपासून कालव्यापर्यंत तर मला धाप लागली. मग तिठ्यावर तू एकदम थांबलास. दोन्ही रस्त्यांकडे बघत राहिलास आणि मला विचारलंस, आपण कुठे निघालोय? मी सांगितलं. तुझा चेहरा असा खुलला, की वा, आज दोनशे! थोडं पुढे जाऊन परत तेच. दर वेळी मी सांगायचो आणि दर वेळी तुला तेवढाच आनंद व्हायचा. शेवटी मी म्हटलं, आज मी पुढे होतो. तू चक्क ऐकलंस. खरं सांगतो, मला वारा काय असतो ते त्या दिवशी कळलं. कसा खात होतास रे तू इतकी वर्षं?

पण सगळं गेलेलं नव्हतं. खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून मागच्याला दाखवायचा, ही आपली रीत. मी हात खाली केला की मागे तुझाही हात खाली जायचा. तुझ्या मागे कुणी नव्हतं, तरी. मी वळून वळून बघत होतो, म्हणून दिसलं. उसाच्या रसवंतीपाशी माझं चाक पंक्चर झालं, तर मी टायरशी झटापट करतोय हे बघून तू मला बाजूला सारलंस. ट्यूब काढलीस, कानाशी नेऊन भोक शोधलंस, ठिगळ लावलंस, चाक बसवलंस. हात एकदाही अडखळला नाही. आणि सायकल माझ्याकडे देताना अदबीने विचारलंस, तुम्ही लांबून आलात का? तुम्ही. मला तू अहो-जाहो केलंस, इंजिन. मी हो म्हटलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

परतीच्या चढावर तू रस्त्यात बसकण मारलीस. घरी जायचंय म्हणालास, लहान मुलासारखं. मला वाटलं संपलं, वहिनीला फोन करून गाडी मागवावी. फोन काढलाही. मग तुझ्याशेजारी फुफाट्यात बसलो आणि ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगितली, तू सांगायचास तशी, सगळे आवाज काढून. तू पोट धरून हसलास. असली फजिती झालेला तो कोण म्हणालास, आणि उठून सायकलवर बसलास.

सोसायटीच्या फाटकात शिरलो तर सायकलच्या मीटरवर दोनशेला थोडे कमी. मी रस्ता मोजताना घोळ घातला होता. वहिनी आणि मुलगी खाली उभ्या होत्या, माझे पाय लाकूड झाले होते. मी म्हटलं, झाले समजू या. तू मीटरकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि तुझा तो जुना आवाज आला. समजू या म्हणजे काय? चल, फिरव. आणि पुढे झालास! आपण इमारतीभोवती फेऱ्या मारायला लागलो. वॉचमनला वाटलं दोघांचीही डोकी फिरली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीटरवर आकडा पडला तसा तू माझ्या गळ्यात हात टाकलास आणि म्हणालास, कवळ्या, झाले रे दोनशे. आपले झाले. त्यानंतर तू मला नावाने हाक मारलेली नाहीस. माझा राग नाही. पण दुकानाच्या दारात कुणी उभं राहिलं की मी अजून मान वर करतो.

आता हे सगळं तुलाच का लिहितोय, ते सांगतो. आज सकाळी तू उठलास, हेल्मेट घातलंस, बूट घातलेस आणि दोनशे करायला निघालास. रोजच निघतोस. सायकल लपवली तर चोरी झाली म्हणून शेजाऱ्यांची दारं ठोठावतोस. परवा वहिनी आंघोळीला गेली तेवढ्यात निसटलास आणि हमरस्त्यावर ट्रकांच्या मध्ये सापडलास. म्हणून मी एक चिठ्ठी लिहून हँडलला बांधली होती, की इंजिन, दोनशे झाले, आता आराम कर. तू ती वाचलीस आणि फेकून दिलीस. कुणीतरी थट्टा करतंय म्हणालास, दोनशे झाले असते तर मला आठवलं नसतं का? खरंच आहे. तुला दोन ओळींत कसं पटणार? म्हणून हे सगळं लिहिलं, आपल्या दोघांमधलं, म्हणजे तुझा विश्वास बसेल. वहिनी हे रोज सकाळी तुझ्या हातात देणार आहे. वाचून झालं की बूट काढ आणि आत जाऊन तिच्याजवळ बस, ती पहाटेपासून दाराशी जागी आहे. तू हे उद्या विसरशील, आणि उद्या तुला पुन्हा पहिल्यांदाच कळेल की आपले दोनशे झाले. तो आनंद तुला रोज मिळो. मला एवढंच वाटतं रे, की एकदा तरी तुझ्याशेजारी बसून तो दिवस आठवावा, आणि ते आता कधीच होणार नाही.

तुझाच, आणि हे न आठवलं तरी तुझाच,
कवळ्या